आधी जागा ठरवा, मग खोदा

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर आले. मदत धावून आली, पण घाईत जो तो मिळेल तिथे खोदत सुटला. कुठे उथळ कूपनलिका, तर तिला खेटूनच शौचखड्डा. मदतकार्याचे स्फिअर निकष या दोहोंत किमान ३० मीटर अंतर मागतात, माणशी दिवसाला १५ लिटर पाणीही. खड्डे भराभर भरले. ते उपसायचे कोणी, आणि दाट झोपड्यांतून मैला न्यायचा कुठे? अंधारात बायकांनी शौचाला जायचे तरी कसे? म्हणून मदतसंस्थांच्या समन्वयकाला नुसत्या बैठका बोलावण्याचा नव्हे, चुकीच्या जागचे खोदकाम रोखण्याचा अधिकार हवा. देणगीदारांनीही बांधकामाबरोबरच उपशाचा आणि दिव्यांचा खर्च पहिल्याच हप्त्यात द्यावा.