मेलेला चालक आणि निर्दोष कचेरी

रेल्वेला अपघात झाला की दिल्लीच्या रेल भवनात एक काम विलक्षण तत्परतेने पार पडते. जखमींची मोजदाद पुरी व्हायच्या आत गुन्हेगार सापडतो आणि तो बहुधा इंजिनचालक असतो. तो मेलेला असेल तर अधिकच सोयीचे; मेलेला मनुष्य खुलासा मागत नाही आणि देतही नाही.

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील रंगापाणी स्थानकाजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून मालगाडी आदळली. किमान १० माणसे मेली, त्यांत मालगाडीचा चालकही होता. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सिग्नल न जुमानल्याचा ठपका त्याच्यावर ठेवून टाकला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला तेव्हा चित्र निराळे दिसले. स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद पडले होते. लाल दिवा ओलांडण्याची लेखी परवानगी स्थानकानेच दिलेली होती, आणि वेग किती ठेवावा हे त्या कागदावर नव्हते. त्या सकाळी तेथून गेलेल्या गाड्यांपैकी प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी थांबत, ताशी १५ किलोमीटरची मर्यादा पाळत चालली ती एकटी कांचनजंगा. जिने नियम पाळला तिच्यावरच मागची गाडी येऊन आदळली! अशा प्रसंगी काय करावे याचे पुरेसे मार्गदर्शन चालकांना व स्थानकप्रमुखांना मिळालेले नव्हते, हे आयुक्तांनीच नमूद केले आहे. ते द्यायचे कोणी होते?

त्याआधी २९ ऑक्टोबर २०२३ रोजी आंध्रातील कंटकापल्ली येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन १४ माणसे दगावली. चालक व त्याचा सहायक मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होते, असे रेल्वेमंत्री मार्च २०२४ मध्ये सांगून मोकळे झाले. चौकशीत मात्र मोबाइलच्या वापराला दुजोरा मिळाला नाही, अशा बातम्या नंतर प्रसिद्ध झाल्या. तोवर दोन मृतांच्या अब्रूचे धिंडवडे देशभर निघून गेले होते.

‘मानवी चूक’ हा शब्द कचेरीला फार आवडतो. पण ज्याच्या हातून चूक होते तो माणूस आदल्या आठवड्यात किती झोपला होता, हा प्रश्न तिला आवडत नाही. मालगाडीच्या चालकाला ठरलेली वेळ नसते. बोलावणे रात्री दोनला येते, भर दुपारी येते. गाडी आडमार्गाला तासन्‌तास उभी राहते आणि पाळी लांबत जाते. मग लागोपाठच्या रात्रपाळ्या. इंजिनात एक यंत्र असते. चालकाने सुमारे मिनिटभर काहीच हालचाल केली नाही, तर ते दिवा पेटवते, भोंगा वाजवते आणि अखेर स्वतःच ब्रेक लावते. कामगाराच्या डोळ्यावरची झापड मोजायला यंत्र आहे. ती झापड ज्या तक्त्याने आणली तो मोजायला काही नाही. उलट जे यंत्र खरोखर गाड्यांची टक्कर टाळते, त्या ‘कवच’ची मजल २०२४ च्या मध्यापर्यंत ६८ हजारांहून अधिक किलोमीटरच्या जाळ्यापैकी १,४६५ किलोमीटरपर्यंतच गेली होती. रंगापाणीला ते नव्हते.

हे गाऱ्हाणे आजचे नाही. संपाच्या बळावर इंजिनचालकांनी १० तासांच्या पाळीचे आश्वासन सरकारकडून मिळवले ते ऑगस्ट १९७३ मध्ये. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या देशव्यापी संपात कामाच्या ८ तासांची मागणी होती. तो संप तुरुंग आणि बडतर्फीच्या जोरावर चिरडला गेला. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १ जून २०२४ पासून, दक्षिण रेल्वेतील चालकांनी १० तासांनंतर गाडी पुढे नेण्यास नकार दिला. म्हणजे जे १९७३ मध्ये कबूल झाले होते तेच स्वतः अमलात आणू लागले. त्यांना मिळाली शिस्तभंगाची कारवाई. सोळा दिवसांनी रंगापाणी घडले.

माणसे कमी आहेत, हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. १ मार्च २०२४ रोजी चालक व सहायक चालकांच्या १,२७,६४४ मंजूर जागांपैकी १८,७६६ रिकाम्या होत्या. जानेवारीत भरतीची जाहिरात निघाली ती अवघ्या ५,६९६ जागांची. रंगापाणीच्या अपघातानंतर काही दिवसांतच तो आकडा १८,७९९ वर गेला. जागा होत्या, गरज होती. कमी होती ती प्रेतांची.

आणि एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने कळवले की, जेवणासाठी व निसर्गविधीसाठी चालकांना ठरावीक सुटी देणे कामकाजाच्या दृष्टीने शक्य नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांना पहिली महिला इंजिनचालक म्हणून हार घालताना याच खात्याला अभिमानाचे भरते येत असे. बायका इंजिनावर हव्यात, त्यांची लघवी मात्र नको, असा हा अभिमान आहे.

रेल्वे वसाहतींत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी एक मागणी आता धसास लावावी. यापुढे अपघात झाला की, मृतांच्या यादीबरोबर चालकाच्या मागील चौदा दिवसांच्या पाळ्यांचा आणि विश्रांतीचा तक्ता त्याच दिवशी प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि त्याखाली तो तक्ता मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव असले पाहिजे.