सामाईक कपाटाची किल्ली

घरात दोन-तीन संगणक असणे ही आता नवलाई राहिलेली नाही. तरीही एकावरची टिपणे दुसऱ्यावर न्यायची झाली, की पेनड्राइव्हची शोधाशोध सुरू होते. घरच्या नेटवर्कवर सामाईक फोल्डर ठेवता येतो हे सर्वांना ठाऊक असते. पण "त्याचा भरवसा नाही, आज दिसतो, उद्या दिसत नाही" अशी तक्रार ऐकू येते. आमच्याही घरी ताईचा प्रकल्प-अहवाल द्यायच्या आदल्या रात्री फोल्डर अदृश्य झाला, आणि आम्ही सर्वांनी एकमुखाने यंत्राला शिव्या दिल्या.

माझ्या मते दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अव्यवस्थेचा होता. राऊटर प्रत्येक संगणकाला पत्ता देतो तो मुदतीपुरता. तो बदलू शकतो. आम्ही मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत होतो! राऊटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला, आणि काही वेळाने आपोआप झोपी जाण्याची त्याची सवय मोडली, तेव्हापासून ही तक्रार उरली नाही.

खरा धोका पुढेच आहे. फोल्डर उघडत नाही म्हणून वैतागलेला मनुष्य पासवर्डच काढून टाकतो, 'एव्हरीवन'ला सर्व अधिकार देतो, किंवा कुणाच्या तरी सल्ल्याने 'एसएमबी'ची जुनी पहिली आवृत्ती चालू करतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्रॅम याच आवृत्तीतील उणिवेतून जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांनाही त्याची झळ बसली. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. तेव्हा घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड द्यावा. ज्याला केवळ वाचायचे आहे त्याला पुसण्याचा अधिकार कशाला?

कुणी म्हणेल, "एवढा खटाटोप हवा कशाला? इंटरनेटवर साठवले की झाले." पण इंटरनेट बंद पडले तरी घरातले नेटवर्क चालू राहते, हे आपण विसरतो. त्यासाठी नवे यंत्रही घ्यावे लागत नाही. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेली 'सांबा' ही प्रणाली विनामूल्य मिळते. अडगळीतल्या संगणकावर लिनक्स आणि सांबा बसवले, की विंडोजवाल्यांनाही तो फोल्डर वापरता येतो. एकत्र खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी हा प्रयोग अवश्य करावा.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सामाईक फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे. विंडोजमध्ये नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्येही जात नाही; ती जाते ती कायमचीच. म्हणून वेगळ्या डिस्कवर नियमितपणे प्रत काढावी, आणि ती डिस्क एरवी संगणकापासून काढून ठेवावी.

कपाट सर्वांचे असले, तरी किल्ली कुणाकुणाकडे आहे हे घराला माहीत असावे लागते. आपण कपाट मांडतो आणि किल्ली दारातच लटकवून ठेवतो. मग चोरी झाली, की सुताराला बोल लावण्यात काय अर्थ?