वाय-फाय, भिंत आणि ६ गिगाहर्ट्झचा प्रश्न

दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावरची बहुतेक चर्चा वेगाभोवती फिरली. मसुद्यातील महत्त्वाची अट मात्र वेगळीच आहे: कमी शक्तीचे संच इमारतीच्या आतच वापरावेत, उघड्यावर त्याहूनही क्षीण संचांनाच मुभा. या अटीमागचे भौतिकशास्त्र उमगले, की घरात आणि कार्यालयात कोणता पट्टा वापरावा, हेही आपोआप स्पष्ट होते.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर, तर ६ गिगाहर्ट्झच्या लहरीची ५ सेंटीमीटर असते. वारंवारता वाढते तसे विटा आणि काँक्रीट लहरींना सामान्यतः अधिक क्षीण करतात. म्हणून २.४ गिगाहर्ट्झ भिंत ओलांडतो, आणि हा त्याचा गुण मानला जातो. दाट वस्तीत तोच गुण मुळावर येतो. हा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, १, ६ आणि ११. वाय-फायचा शिष्टाचार असा, की आधी ऐकायचे, मग बोलायचे. शेजारच्या दहा घरांचे बोलणे ऐकू येत असेल, तर राऊटरचा बराच वेळ वाट पाहण्यातच जातो. मोबाइलवर सिग्नलच्या सर्व रेघा दिसतात. चित्रफीत मात्र अडकते.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवले, की वाहिनीची क्षमता तिच्या रुंदीच्या समप्रमाणात वाढते. सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरानुसार ती केवळ लॉगरिदमच्या संथ गतीने वाढते. ओरडण्यापेक्षा रस्ता रुंद करणे अधिक फलदायी ठरते. भारताने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले, त्याचे मोल येथे कळते.

म्हणून दूरच्या खोलीतील दिवे आणि संवेदक २.४ वर ठेवावेत. त्यांना वेग नको, पोच हवी. दूरदर्शन संच आणि लॅपटॉप ५ वर असावेत. कार्यालयात एकच बलाढ्य राऊटर बसवण्याऐवजी तारेने जोडलेले, कमी शक्तीचे अनेक संच असावेत. तेथे प्रत्येक भिंत कुंपणाचे काम करते, आणि तीच वाहिनी पुढच्या दालनात पुन्हा वापरता येते.

मसुद्यातील अटही याच कुंपणावर उभी आहे. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झमध्ये भूकेंद्रांकडून उपग्रहांकडे संदेश जातात. भिंतींमुळे दोघेही एकाच पट्ट्यात नांदू शकतात.

पण ५०० मेगाहर्ट्झवर थांबणे योग्य नव्हे. वाय-फाय ७ ची ३२० मेगाहर्ट्झची वाहिनी त्यात एकच मावते. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्येच ७१२५ पर्यंतचे १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. भारतात ६४२५ च्या वरचा भाग मोबाइल कंपन्यांना हवा आहे. लिलावाचा महसूल ताळेबंदात दिसतो. वसतिगृहात, प्रयोगशाळेत, लहान कार्यालयात विनापरवाना वापरल्या जाणाऱ्या लहरींचा लाभ तेथे दिसत नाही. शिवाय बाहेरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरीलाही तीच भिंत भेदावी लागते. राऊटर मुळातच भिंतीच्या आत असतो. वरच्या पट्ट्याचा किमान काही भाग घरांसाठी राखून ठेवण्यास एवढे कारण पुरेसे आहे.