बुजवणे आणि दुरुस्त करणे

मराठीत ‘डाग’ हा मोठा विलक्षण शब्द आहे. कापडावर पडतो तो डाग, चारित्र्याला लागतो तोही डाग; आणि गळक्या भांड्याला तांबट देतो तोही डागच. एका डागाने वस्तू बिघडते, दुसऱ्याने ती पुन्हा कामाला लागते. आम्हा दोघांना या शब्दाचा दुसरा अर्थ अलीकडे एका खेळण्याने शिकवला. साहित्य शिकवणाऱ्यांनी बॉयलरच्या भानगडीत का पडावे, असे वाचकांना वाटेल. आमचेही आरंभी तेच म्हणणे होते.

खेळणे म्हणजे वाफेवर चालणारे छोटे इंजिन. बिंग आणि मार्कलिन यांसारख्या जर्मन कारखान्यांनी अशी इंजिने मुलांच्या हाती दिली, पुढे १९३७ पासून बर्मिंगहॅमच्या मॅमॉडने त्यांना इंग्लंडात घरोघरी नेले. वीतभर पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, डुलणारा सिलिंडर आणि गरगरणारे चाक. खेळणे असले तरी त्यातली वाफ खरी असते. आमच्यापैकी एकाच्या काकांनी असेच एक इंजिन साठोत्तरी काळात इंग्लंडातून आणले होते. त्याच्या शिट्टीच्या बुडाशी गळती लागली, तेव्हा आम्ही बाजारातले लुकण आणून ती बुजवली आणि वर पितळी रंगही दिला. इंजिन सुरेख दिसू लागले. मात्र दुसऱ्याच वेळी पेटवताना लुकण सुटले आणि वाफेची सणसणीत धार आमच्या मनगटाला चाटून गेली.

मग आम्ही पुण्याच्या तांबट आळीत गेलो. तांबटाने बॉयलर कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाला, “सर, हे कुणीतरी नुसतं बुजवलंय. आधी ते खरवडून काढा, मग डाग देऊ.” ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

या एका वाक्यात आमच्या मते दुरुस्तीचे सारे शास्त्र आहे. गळती बुजवणे आणि गळती दुरुस्त करणे या दोन भिन्न, किंबहुना परस्परविरोधी क्रिया आहेत. बुजवणारा छिद्र दिसू नये म्हणून झटतो. दुरुस्त करणारा आधी ते नीट दिसावे म्हणून. त्यासाठी प्रथम आतला क्षाराचा थर सौम्य सायट्रिक आम्लाने काढावा लागतो, कारण कित्येक सूक्ष्म छिद्रे त्या थरानेच झाकलेली असतात. मग बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दुपटीपर्यंत दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दबत नाही. त्यामुळे सांधा सुटलाच तर दाब तत्क्षणी उतरतो आणि फार तर टेबल भिजते. हवा किंवा वाफ मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. तिच्याने चाचणी घेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पुष्कळदा असेही आढळते की पत्रा निर्दोष आहे आणि गळते आहे ते केवळ सुरक्षा झडपेचे झिजलेले वॉशर.

खरा वाद सुरू होतो तो झाळण्याच्या प्रश्नावर. कथील-शिशाचे झाळण सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळते. वातावरणाहून एक बार अधिक दाब असलेल्या बॉयलरमधले पाणी सुमारे १२० अंशांवर असते. म्हणजे सुरक्षिततेचे अंतर साठेक अंशांचे, तेही आत पाणी असेपर्यंतच. बॉयलर कोरडा तापला की सांधा गेलाच. चांदीमिश्रित झाळण कितीतरी बळकट, पण ते सहाशे अंशांच्या वर वितळते. तितकी आच दिली की मूळचे कथिली सांधे उकलतात, पितळ मऊ पडते, आणि शिशाचा अंश उरला असेल तर तो त्या आचेत पितळच खातो. म्हणून जे मूळ कथिलाने जोडलेले आहे, त्याला मर्यादित दाबात कथिलानेच सांधावे, असे आमचे मत झाले. अधिक बळकट ते अधिक योग्य, हा नियम येथे लागू पडत नाही.

सांधल्यावर नवसागराचा अंशही धुऊन काढायला हवा. भारतातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांपाशी ठेवली की तडकत. त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले: तबेल्यातला अमोनिया ताण असलेल्या पितळाला फोडत होता. दुरुस्तीचे साधनच उद्याच्या तड्याचे कारण ठरू शकते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सारे ओळखीचे वाटावे. कालौघात अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, शुद्ध केली. त्यांचे काम मुख्यतः खरवडण्याचे होते. आपली ओवी घालण्याचे नव्हे. आणि हे काम केल्याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस ठेवली. आपण मात्र वर्गात कठीण ओळ आली की तिच्यावर ‘भावार्थ’ नावाचे लुकण चोपडतो आणि वर सौंदर्याचा रंग देतो. विद्यार्थ्याला ती ओळ कोठे गळते, म्हणजे कोठे कळत नाही, हे दिसूच देत नाही.

जुन्या वस्तूला हातच लावू नये, ती काचेच्या कपाटात ठेवावी, असे म्हणणारे संग्राहक आहेत. दुर्मिळ नमुन्यांपुरते ते खरेही आहे, आणि चाचणीत न टिकणाऱ्या बॉयलरला कपाट हीच योग्य जागा. पण १७६३ मध्ये ग्लासगो विद्यापीठातले न्यूकोमेन इंजिनाचे प्रतिरूप जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आले, ते काही फेऱ्यांतच थांबे. वॉट नुसती जुळवाजुळव करून थांबला नाही. वाफ जाते कोठे, हा प्रश्न त्याने धरून ठेवला. दर फेरीला थंड होणारा सिलिंडर पुन्हा तापवण्यातच ती संपत होती. गळती पत्र्यात नव्हती, रचनेत होती. १७६५ मध्ये त्याला स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली ती या दुरुस्तीतून. बंद कपाटाला असा प्रश्न पडत नाही.

आमचे इंजिन पाण्याच्या चाचणीत टिकले आणि पुन्हा चालते. शिट्टीच्या बुडाशी तांबटाने दिलेला करडा डाग स्पष्ट दिसतो. त्यावर रंग देण्याचा विचार एकदा मनात आला होता. तो आम्ही सोडून दिला. पुढे ज्याच्या हाती हे इंजिन जाईल, त्याला ते कोठे गळत होते हे कळायला हवे.