नखाखालचे रक्त आणि तीन दिवसांची अट

बेंगळुरूच्या फलाटावर मेलबॅगा उतरविताना डब्याचा लोखंडी दरवाजा माझ्या मधल्या बोटावर बसला, त्याला बरीच वर्षे झाली. अर्ध्या तासात नख जांभळे-काळे पडले. साहेब म्हणाले, "बर्फ लावा, रात्रीत उतरेल." उतरले नाही. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोट ठणकत होते. हात उंच धरून रात्र बसून काढली.

साथींनो, कपलिंग जोडणारा, रुळावर घण चालविणारा, पार्सल चढविणारा, टपालाच्या पेट्या ओढणारा, यांपैकी कोणाला हा अनुभव नाही? तरी कचेरीच्या भाषेत ही 'किरकोळ' इजा!

वर टणक नख, खाली हाड. मधल्या नाजूक गादीतून सुटलेल्या रक्ताला वाटच नसते. ठणका असतो तो त्या कोंडलेल्या दाबाचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी बोट वाकवून, सरळ करवून पाहिले आणि टोकाचे हाड मोडले आहे का म्हणून एक्स-रे काढविला. मग तापविलेल्या तारेने नखाला भोक पाडले. नखाला स्वतःची संवेदना नसते आणि तार रक्ताला लागताच निवते, म्हणून गादी भाजत नाही. काळे रक्त बाहेर आले आणि ठणका मिनिटभरात गेला. अर्ध्याहून अधिक नख काळे झाले की पूर्वी ते उपटूनच काढीत. आता नख घट्ट असेल व कडा शाबूत असतील, तर भोक पुरते असे मानतात.

मी लिहिले म्हणून शेडमध्ये कोणी सुई तापवू नये. हाड मोडलेले असेल तर त्याच भोकातून जंतू आत शिरतात. मधुमेह असलेल्यांना धोका अधिकच. दोन दिवसांनी ठणका आपोआप थांबला, तर भोकाची गरजही राहत नाही. डाग नखाबरोबर पुढे सरकतो, हाताचे नवे नख सुमारे सहा महिन्यांत येते. पण मार न लागता आलेला, पुढे न सरकणारा काळा डाग मात्र डॉक्टरांना दाखवाच; तो क्वचित कर्करोगाचाही असतो.

आता मुद्द्याचे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत मधल्या बोटाचे टोक हाड न जाता तुटले, तर कमाईची क्षमता 4 टक्के घटली असे धरले होते. नखाला तेथे भावच नव्हता. शिवाय तीन दिवसांहून अधिक काळ काम अडले नाही, तर भरपाई नाही ही अट. आपला माणूस तर दुसऱ्याच दिवशी पट्टी बांधून हजर! म्हणून माझे म्हणणे एवढेच, की भरपाई मिळो न मिळो, चेंगरलेल्या प्रत्येक बोटाची इजा-नोंदवहीत त्याच दिवशी नोंद व्हावी आणि एक्स-रे मागावा लागू नये. शाखांनी हे प्रशासनाकडे लेखी मागावे.

माझी नोंद कोठेच नाही. थंडीत ते बोट अजून टोकाशी दुखते. त्या दरवाजाचेच हे दुखणे, असे कोणत्या कागदावर दाखवू?