मोबाईलवरून मोटार चालू होते, मग मोबाईलवरून चार्जिंग चालू करायचं पेटंट कुणाचं?

गावात विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलेला शेतकरी आता नवलाचा राहिलेला नाही. पेटीत सिमकार्ड असतं, घरून मिस कॉल दिला की मोटार चालू. थ्री फेज आली की मेसेज येतो, पाणी तुटलं की मोटार आपोआप बंद होते. आता समजा उद्या एखादी कंपनी म्हणाली, ‘लांबून नेटवर्कवर आदेश देऊन यंत्र चालू-बंद करायची कल्पना आमची आहे, ज्याला वापरायची त्याने आम्हाला पैसे द्यावेत’, तर? हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगबाबत जवळपास हाच वाद अमेरिकेत कोर्टात गेला आणि त्याचा निकालही लागला.

चार्जपॉइंट ही कॅलिफोर्नियातली चार्जिंगमधली मोठी कंपनी. तिच्याकडे अमेरिकेची चार पेटंट होती. मुद्दा थोडक्यात असा: चार्जरमध्ये वीज चालू-बंद करणारा स्विच आहे. चार्जर नेटवर्कवरून लांबच्या सर्व्हरशी बोलतो. ग्राहकाची मागणी सर्व्हरकडे जाते, सर्व्हरने परवानगी दिली की वीज सुरू होते. ग्रीडवर ताण आला तर वीज कंपनीच्या सांगण्यावरून चार्जिंग कमी करता येतं. या पेटंटच्या जोरावर चार्जपॉइंटने 2017 मध्ये मेरीलँड राज्यातल्या सेमाकनेक्ट या लहान कंपनीवर दावा ठोकला.

खालच्या कोर्टाने तो सुरुवातीलाच फेटाळला. चार्जपॉइंट अपिलात गेली. पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने 28 मार्च 2019 रोजी खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला आणि वादातले आठही दावे पेटंटला पात्र नाहीत असं सांगितलं. कारण साधं होतं. चार्जर आधीपासून होते, नेटवर्कही आधीपासून होतं. दोन्ही जोडून ‘नेटवर्कवरून यंत्राशी बोलणं’ ही झाली नुसती कल्पना. कल्पनेला तिथे पेटंट मिळत नाही, आणि ती साध्या कॉम्प्युटरवर किंवा नेटवर्कवर चालवली म्हणूनही मिळत नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच अॅलिस खटल्यात ठरवून ठेवलं होतं.

‘आमचं तर हातात धरता येईल असं यंत्र आहे, नुसती कल्पना कशी?’ असा चार्जपॉइंटचा युक्तिवाद होता. तो ऐकायला रास्त वाटतो. पण कोर्टाने दाव्यातले शब्द तपासले. चार्जर आतून कसा सुधारला, वीज मोजायची कोणती नवी पद्धत काढली, याबद्दल त्यात काही नव्हतं. उलट दाव्याचे शब्द इतके पसरट होते की नेटवर्कला जोडलेला कोणताही चार्जर त्यात अडकला असता.

हे सांगताना कोर्टाने जुने दाखले दिले. एक तारेचा शोध लावणाऱ्या मोर्सचा. त्याने तारयंत्राचं पेटंट घेतलं, ते टिकलं. पण ‘विद्युत चुंबकाच्या बळावर लांब अंतरावर अक्षरं उमटवायची कोणतीही पद्धत माझीच’ असाही एक दावा त्याने केला होता. तो 1854 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने उडवला. दुसरा दाखला त्याहून जुना, बर्फ कापायच्या यंत्राचा. यंत्राचा शोध चालला, पण ‘माणसाच्या बळाशिवाय कोणत्याही बळाने बर्फ कापणं’ हा हक्क चालला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर नव्या धाटणीच्या औताचं पेटंट मिळेल, नांगरटीचं मिळणार नाही.

आता वीज वाटून घेण्याकडे येऊ, कारण गावाच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथेच आहे. एका डीपीवर पेलवतील त्यापेक्षा जास्त मोटारी एकदम चालू झाल्या की काय होतं ते सांगायला नको. मग शेतकरी आपसात पाळ्या लावतात. चार्जिंगचंही तेच. ढाब्यावर किंवा सोसायटीत 32 अँपिअरची एकच लाईन आहे आणि चार गाड्या उभ्या आहेत, तर प्रत्येकीला 8 अँपिअर द्यायचे. एक भरून निघाली की तिचा वाटा बाकीच्या तिघींना. चार्जर गाडीला एका बारीक सिग्नलने सांगतो की ‘एवढ्यापेक्षा जास्त ओढू नको’, आणि गाडी तेवढीच ओढते. या आंतरराष्ट्रीय पद्धतीत 6 अँपिअरच्या खाली जाता येत नाही. म्हणजे 32 च्या लाईनवर एकावेळी पाचच गाड्या, सहावीला पाळीची वाट पाहावी लागणार.

यात पेटंट कशाला मिळू शकतं? ‘वीज वाटून द्यायची’ याला नाही, ती तर आपली पाळीच. पण पाळी ठरवताना केबल किती तापली ते ओळखून क्षणात करंट कमी करणारं सर्किट, एका फेजवर जास्त भार पडला तर गाड्या दुसऱ्या फेजवर वळवणारं नवं स्विचगिअर, किंवा नेटवर्क गेलं तरी चार्जरनी आपसात बोलून लाईन न पाडता वाटणी चालू ठेवायची एखादी नेमकी युक्ती, अशा गोष्टींना मिळू शकतं. अर्थात त्या आधी कुणी केलेल्या नसाव्यात आणि जाणकाराला सहज सुचण्यासारख्याही नसाव्यात.

अमेरिकेतलं पेटंट भारतात लागू होत नाही. ज्या देशात पेटंट, त्या देशापुरताच हक्क. आपल्याकडे 1970 चा पेटंट कायदा आहे. त्यातल्या कलम 3(के) प्रमाणे गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. कलम 3(एफ) सांगतं की माहितीची यंत्रं नुसती एकापुढे एक मांडली आणि प्रत्येक यंत्र आपलं जुनंच काम करत राहिलं, तर तोही शोध नव्हे. मात्र सॉफ्टवेअर आहे म्हणून अर्ज सरसकट फेकून द्यायचा नाही, हे दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केलं. गाडीत, वॉशिंग मशीनमध्ये, फ्रीजमध्येही आज प्रोग्रॅम असतो. त्यातून तांत्रिक परिणाम काय होतो, ते बघायचं. म्हणजे चार्जिंगचं बुकिंग आणि पैसे घेणारं अॅप इथे पेटंटला अवघड, पण वाटणीमुळे लाईनवरचा ताण खरोखर कमी होत असेल तर दार उघडं आहे.

चार्जपॉइंटवर अन्याय झाला असंही काहीजण म्हणतात. आधी उडी घेतली, पैसा घातला, आणि नंतर आलेल्यांना रान मोकळं. यात तथ्य नाही असं नाही. पण चार्जिंगचा धंदा नुकता उभा राहत असताना रस्त्याच्या तोंडालाच नाका बसला असता तर लहान कंपन्या आत शिरल्याच नसत्या. ज्या सेमाकनेक्टवर दावा होता ती टिकली आणि 2022 मध्ये ब्लिंक चार्जिंग या कंपनीने ती विकत घेतली.

काही कंपन्यांनी तर आपणहून कुंपण काढलं. टेस्लाने 2014 मध्ये जाहीर केलं की चांगल्या हेतूने तंत्र वापरणाऱ्यावर पेटंटचा दावा करणार नाही, आणि 2022 मध्ये आपला चार्जिंगचा प्लग इतरांना खुला केला. आपल्याकडे एथरने दुचाकीचा चार्जिंग कनेक्टर इतर कंपन्यांना खुला केला आणि 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्यावर आधारित मानक मंजूर केलं. त्यात परोपकार कमी आणि हिशेब जास्त, हे उघड आहे. सगळ्यांचा प्लग एक झाला तर चार्जर वाढतात, आणि चार्जर वाढले तर गाड्या खपतात. तालुक्याच्या रस्त्यावर चार्जर टाकायचा विचार करणाऱ्याने पेटंटपेक्षा आधी हा प्लग बघावा. एकाच कंपनीची गाडी लागणारा चार्जर घेतला तर बाकीची गिऱ्हाईकं पुढे निघून जातील.

गावोगावी वेल्डिंगच्या आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत जुगाड करणारी पोरं आहेत. त्यातल्या एखाद्याने खरंच काही नवं काढलं तर पहिली चूक होते ती व्हिडिओ टाकण्याची. अर्ज करण्याआधी शोध जगासमोर आला की त्याचं नवेपण संपतं. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवला तर 12 महिन्यांची सवलत आहे, पण कुठलंही कृषी प्रदर्शन म्हणजे ते प्रदर्शन नव्हे. आधी तात्पुरता अर्ज करता येतो, त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये आहे, तपासणीच्या विनंतीची 4000. वकिलाचा खर्च वेगळा, आणि खरा खर्च तोच. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलमधल्या पेटंट कार्यालयाकडे जातात. पेटंट मिळालं तर मुदत 20 वर्षं, पण दरवर्षीची फी भरत राहिलं तरच.

खोक्यावर ‘पेटंटेड’ छापून चार्जर किंवा स्टार्टर विकायला येणाऱ्याला नंबर विचारावा. पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर तो फुकटात शोधता येतो. तिथे अर्ज ‘प्रकाशित’ दिसला म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. अर्ज साधारण 18 महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो, मंजुरी ही वेगळी पायरी आहे. आणि पेटंट नसताना आहे म्हणून माल विकला तर कलम 120 खाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.