वर्गातला बहिष्कार कोण नोंदवणार?

गावाने किंवा जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा गुन्हा आहे, असे स्वतंत्र कायदा करून सांगणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. 2016 साली हा कायदा झाला, जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षाही या कायद्याने जे मान्य केले ते मला महत्त्वाचे वाटते. वाळीत टाकणारे दर वेळी हात उगारत नाहीत, शिवीही देत नाहीत. पुष्कळदा ते काहीच करत नाहीत. बोलत नाहीत, बोलावत नाहीत, पंगतीला बसवत नाहीत. अशा काहीच न करण्यानेही माणूस मोडतो, हे राज्याने लेखी कबूल केले. सातवीच्या वर्गात हेच घडले तर मात्र आपण त्याला कट्टी म्हणतो. कट्टीला बट्टी असते, म्हणून तो खेळ. पण ज्याच्याशी वर्षभर कुणी बट्टीच केली नाही, चार-चारचे गट पाडायला सांगितले की जो दर वेळी उरतो, सहलीच्या बसमध्ये ज्याच्या शेजारची जागा बाईंनी दटावल्याशिवाय भरत नाही, त्याच्या वाट्याला जे येते त्याला शाळेच्या भाषेत नाव नाही. नाव नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंदच नसल्यावर उपाय कशावर करायचा?

आपल्याकडे यंत्रणाच नाही, असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. त्यात शारीरिक इजेबरोबर मानसिक इजाही धरली आहे, चिडवणे आणि धमकावणेही धरले आहे. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत सरकारने पुन्हा आदेश काढले. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सांगितले. हे सगळे हवेच. पण नीट पाहिले तर यातली बहुतेक दारे एकाच किल्लीने उघडतात: मुलाने येऊन सांगितले पाहिजे. पेटी चिठ्ठीची वाट पाहते, समिती अर्जाची आणि समुपदेशक दारावरच्या टकटकीची. कॅमेऱ्याला मारामारी दिसते. मधल्या सुट्टीत भिंतीशी एकटा उभा असलेला मुलगा त्यातही दिसतो, पण तो काय करतोय म्हणून कोण फुटेज तपासणार? आणि चिठ्ठीत त्याने लिहायचे तरी काय? ‘आज माझ्याशी कुणी बोलले नाही’ ही काही तक्रार होत नाही. शिवाय वर्गात कुणाचे अक्षर कसे आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की अबोल मुलाच्या बाबतीत तक्रारीची वाट पाहणारी व्यवस्था मुळातच उलटी बेतलेली आहे. जे त्याला जमत नाही, नेमके तेच करून दाखवल्यावर त्याला मदत मिळणार आहे. सांगण्याची जबाबदारी मुलावरून काढून विचारण्याची जबाबदारी शाळेवर टाकली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, कुणी बोलले नाही म्हणून एवढे काय बिघडते? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी बहिष्कार अभ्यासण्यासाठी एक साधा खेळ रचला. संगणकाच्या पडद्यावर तिघे जण चेंडू फेकत असतात, त्यातले एक तुम्ही. सुरुवातीला दोन-तीनदा चेंडू तुमच्याकडे येतो, मग येईनासा होतो. काही मिनिटांचा हा प्रकार. पलीकडचे दोघे अनोळखी, खरे तर ते नसतातच. तरीही खेळणाऱ्यांचा मूड उतरतो, आपण कुणाचे आहोत ही भावना आणि स्वतःच्या नजरेतली किंमत घसरते. पलीकडे माणसे नाहीत, नुसता संगणक आहे, हे आधी सांगून टाकले तरी घसरते. 2003 मध्ये याच खेळाच्या वेळी मेंदूचे चित्रण केले गेले आणि शारीरिक वेदनेत सक्रिय होणारा एक भाग इथेही सक्रिय दिसला. त्या भागाचे काम केवळ वेदनेपुरते आहे का, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत, त्यामुळे ‘बहिष्कार म्हणजे मारच’ असे ठोकून देण्याचे कारण नाही. पण न आलेल्या खोट्या चेंडूने मोठी माणसे हिरमुसत असतील, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला रोज सहा-सात तास, ओळखीच्या चाळीस जणांकडून चेंडू येत नसेल तेव्हा काय होत असेल, याचा अंदाज करायला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मूल मुळातच घुमे, भिडस्त, एकलकोंडे असेल तर उदासीकडे त्याचा कल असणारच. दोष त्याच्या स्वभावाचा, वर्गाचा कशाला? याचे उत्तर जुळ्या मुलांच्या अभ्यासातून मिळते. ब्रिटनमध्ये अकराशेहून अधिक जुळ्या जोड्यांचा वयाच्या पाचव्या वर्षापासून पाठपुरावा झाला आहे. एकाच बीजापासून जन्मलेल्या, म्हणजे जनुके आणि घर दोन्ही समान असलेल्या ज्या जोड्यांत एकाला सोबत्यांनी छळले आणि दुसऱ्याला नाही, तिथे छळ झालेल्या भावंडात भीती, उदासी, अंग चोरून राहणे ही लक्षणे पुढे अधिक आढळली. सगळे स्वभावावर टाकता येत नाही ते म्हणूनच. अमेरिकेत बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांचा माग काढणाऱ्या 2003 च्या एका अभ्यासात तर ही दोन धाग्यांची वीण स्पष्ट दिसते: संकोची, एकटी राहणारी आणि शिवाय सोबत्यांनी वगळलेली मुले जास्त खिन्न होत गेली, तितकीच संकोची, पण न वगळलेली मुले मात्र पुढे बरीच सावरली. शांत असणे हा आजार नव्हे. शांत मुलाला एकटे पाडणे हा त्याच्या बाबतीतला धोका आहे. उदास मूल सोबत्यांना आणखी सोपे सावज वाटते, हेही अभ्यासांतून दिसले आहे; त्यामुळे हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते आणि काही काळाने कोणते टोक आधी होते, हे आईवडिलांनाही सांगता येत नाही.

आणि प्रत्येक शांत मूल जन्मतःच शांत असते, हे तरी कुणी ठरवले? महाराष्ट्रातल्या वर्गांत काही शांतता तयार केलेली असते. घरी अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी किंवा पावरी बोलणारे मूल पहिल्यांदा उत्तर देते तेव्हा वर्ग हसतो, कधी कधी गुरुजीही हसतात. ऊसतोडीहून मधेच परत आलेले मूल, पालावरून येणारे मूल, आडनाव ऐकताच ज्याच्याकडे माना वळतात ते मूल, इंग्रजी शाळेतल्या राखीव पंचवीस टक्क्यांतून प्रवेश मिळालेले मूल, ही सगळी काही महिन्यांत बोलायची थांबतात. मग त्यांच्या प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंद पडते: ‘शांत व आज्ञाधारक’. घरीही कौतुक होते की आमचे बाळ कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्या गोष्टीची काळजी वाटायला हवी तिलाच आपण शेरा म्हणून बक्षीस देतो! जातीने आणि गरिबीने आखलेल्या बहिष्काराची वर्गातली आवृत्ती अशी गोड शब्दांत झाकली जाते.

‘आमच्याही वेळी चिडवायचे, आम्ही नाही का मोठे झालो,’ हे तर ठरलेले वाक्य. मोठे झालेल्यांनीच ते म्हणायचे असते, हा त्यातला दोष. ब्रिटनमध्ये 1958 सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा सुरू आहे. त्यांच्यापैकी 7,771 जणांच्या पालकांनी मुले सात आणि अकरा वर्षांची असताना त्यांच्या छळाबद्दल माहिती दिली होती. 2014 साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावरही नैराश्य आणि चिंताविकाराचे प्रमाण जास्त होते. बालपणीची बुद्धिमत्ता, घरची परिस्थिती, आधीच्या भावनिक अडचणी हिशेबात धरूनही. मोठे सगळेच होतात हो.

मग मुलालाच धीट का करू नये? उन्हाळ्यात व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे भरतात, वक्तृत्वाचे वर्ग असतात, ‘जशास तसे उत्तर दे’ हा घरगुती सल्ला तर फुकट असतो. बोलता येणे चांगलेच, त्याला विरोध नाही. पण ज्याला वाळीत टाकले त्याला भाषण शिकवून बहिष्कार उठत नाही, कारण बहिष्कार ऐकणाऱ्यांनी घातलेला असतो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिव्हल्ली यांनी 1996 मध्ये दाखवले की वर्गातल्या छळात दोनच पात्रे नसतात: हात लावणारे मदतनीस असतात, हसून बळ देणारे असतात, छळ होणाऱ्याची बाजू घेणारे असतात आणि बरेच जण नुसते बघे असतात. कॅनडातल्या शाळांच्या मैदानावर केलेल्या निरीक्षणात छळाच्या 88 टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती. कुणी मध्ये पडले तर निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! एका वाक्याचे काम. म्हणून शिकवायचेच असेल तर बघ्यांना शिकवणे स्वस्त पडते. शिवाय एकच खरा मित्र असला तरी छळाचा परिणाम बराच बोथट होतो, असे संशोधन सांगते. चाळीस मित्रांची गरज नाही, एक पुरतो.

आता विचारायचे कसे? नॉर्वेत 1982 च्या अखेरीस तीन मुलांच्या आत्महत्यांनी देश हादरला आणि पुढच्याच वर्षी डॅन ओल्व्हेउस यांच्या संशोधनावर आधारित देशव्यापी मोहीम सुरू झाली. तिचा पाया होता एक निनावी प्रश्नावली. ती पूर्ण वर्गाने भरायची, त्यामुळे कुणी भरली यावरून कुणी ओळखला जात नाही. जपानने 2013 च्या कायद्यात आणखी पुढे जाऊन शाळांना असे नियमित सर्वेक्षण बंधनकारक केले. तिथे छळाची व्याख्याही मुलाला वेदना झाली की नाही यावरून ठरते. परिणाम असा की 2023 च्या शैक्षणिक वर्षात तिथे 7 लाख 32 हजारांवर प्रकरणे नोंदली गेली. आपल्या संस्थाचालकांना नेमकी याचीच धास्ती वाटते. विचारले की आकडा वाढतो, आकडा वाढला की शाळेचे नाव जाते, त्यापेक्षा ‘आमच्याकडे असले काही नाही’ बरे. आपल्या सरकारी आकडेवारीचीही तीच तऱ्हा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी सर्वाधिक, 1,764, महाराष्ट्रात. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते, आणि यांतल्या किती जणांना सोबत्यांनी एकटे पाडले होते हे या अहवालावरून कळूच शकत नाही. कारणांच्या तक्त्यात परीक्षेतल्या अपयशाला रकाना आहे, सोबत्यांच्या छळाला नाही.

शिक्षक म्हणतील, साठ मुलांचा वर्ग, त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. आणखी एक काम कशाला? तक्रार खरी आहे आणि अशैक्षणिक कामे कमी झालीच पाहिजेत. पण सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आसपास अशा प्रश्नावलीचे एक पान वाटायला अर्धा तास पुरतो. मधली सुट्टी कुणाबरोबर घालवतोस, वर्गात कुणाला एकटे पाडले जाते असे तुला वाटते, त्रास झाला तर कुणाला सांगशील. दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण ज्याला सांगता येत नाही त्याच्याविषयी बाकीचे सांगतात. मैत्री सक्तीने होत नाही, हेही मान्य. पण बाकावर कुणाशेजारी कोण बसेल, गट कोण पाडेल, कबड्डीचे संघ दोन कप्तानांनी एकेक नाव पुकारत निवडायचे की चिठ्ठ्या टाकून, सहलीत खोल्या कशा वाटायच्या, हे सगळे मोठ्यांच्याच हातात असते. तेवढे केले तरी निवडीचा जाहीर अपमान टळतो. चमत्काराची अपेक्षा मात्र नको. छळविरोधी कार्यक्रमांच्या 2019 मधल्या एका व्यापक आढाव्यात छळ सोसणाऱ्यांचे प्रमाण सरासरी 15-16 टक्क्यांनीच कमी झालेले दिसले. उलट जिथे छळ खूप कमी होतो, तिथे उरलेल्या एखाद-दुसऱ्या मुलाला तो अधिकच लागतो, कारण ‘फक्त मलाच’ असे त्याला वाटते. म्हणूनच वर्गाच्या सरासरीवर समाधान मानून पान फाइलला लावून चालणार नाही. त्या पानावर ज्याचे नाव पुन्हा पुन्हा आले, त्याच्याकडे वर्गशिक्षकाने आपण होऊन गेले पाहिजे.

पालकांना एक विनंती. मूल शाळेतून आले की काय शिकवले हे सगळेच विचारतात. डबा कुणाबरोबर खाल्ला, हे विचारा. उत्तर सलग काही दिवस ‘कुणाबरोबरच नाही’ असे आले तर त्याला दोष देऊ नका, आणि दुसऱ्या कुणाच्या आईवडिलांशी भांडायलाही जाऊ नका. वर्गशिक्षकांना भेटून तो कुठे बसतो, कुणाशेजारी बसतो, एवढे विचारा. झोप, भूक किंवा बोलणे फारच तुटले असेल तर टेली-मानसचा क्रमांक 14416 आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.